साइन क्ष आणि कॉस २क्ष: भेटी दोन की तीन?

लसावि (धागाकर्ता)

य = साइन क्ष आणि य = कॉस २क्ष या दोन आलेखांचे छेदनबिंदू ० ते ३६० अंशांत काढायचे आहेत. समीकरण सोडवलं की तीन उत्तरं येतात: ३०, १५० आणि २७०. पण एक्सेलमध्ये चार-चार अंशांच्या अंतराने सारणी केली, दोन्ही किमतींची वजाबाकी केली आणि जिथे वजाबाकीचं चिन्ह बदलतं त्या जागा शोधल्या, तर दोनच सापडतात. २७० गायब. २६८ ला वजाबाकी −०.००१८ आणि २७२ लाही −०.००१८. मग २७० ला छेद आहे की नाही? आणि परीक्षेत लिहायचं काय, दोन की तीन?

याच प्रकारची आणखी दोन गणितं अडली आहेत. एक-एक करून टाकतो.

कोटिज्या

तीन. सारणी खोटं बोलत नाहीये, पण तुम्ही तिला चुकीचा प्रश्न विचारताय.

आधी समीकरण पूर्ण लिहून टाकतो, म्हणजे धागा वाचणाऱ्या सगळ्यांना उपयोगी पडेल. छेदनबिंदूवर दोन्ही आलेखांचा य सारखा, म्हणून

साइन क्ष = कॉस २क्ष

कॉस २क्ष ची तीन रूपं आहेत. उजव्या बाजूला फक्त साइन उरेल असं रूप घ्यायचं: १ − २साइन² क्ष. साइन क्ष ला स म्हणू.

स = १ − २स²
२स² + स − १ = ०
(२स − १)(स + १) = ०

स = १/२ पासून ३० आणि १५०. स = −१ पासून फक्त २७०. य काढायला विसरू नका, बिंदू म्हटलं की दोन्ही निर्देशक लागतात: (३०, १/२), (१५०, १/२), (२७०, −१).

आता तुमची वजाबाकी म्हणजे (२स − १)(स + १). यातला दुसरा अवयव (स + १) कधीच ऋण होत नाही, कारण साइन −१ च्या खाली जात नाही. तो २७० ला शून्याला टेकतो आणि परत वर येतो. २७० च्या आसपास पहिला अवयव साधारण −३ असतो. म्हणून गुणाकार २७० च्या दोन्ही बाजूंना ऋणच. चिन्ह बदलत नाही, म्हणजेच आलेख एकमेकांना ओलांडत नाहीत, नुसते स्पर्श करतात. ‘छेदनबिंदू’ या शब्दाने घोळ होतो. प्रश्न ‘दोन्ही आलेखांचे सामाईक बिंदू’ असा वाचा.

काटकोन

२७० जवळून बघण्यासारखं आहे. क्ष = २७० + ह असं लिहा. मग

साइन क्ष = −कॉस ह
कॉस २क्ष = कॉस(५४० + २ह) = −कॉस २ह

दोन्ही वक्र ह = ० ला −१ वर, आणि दोघांचाही उतार तिथे शून्य. म्हणजे दोन वाट्या एकात एक ठेवल्यासारख्या: खाली साइनची पसरट वाटी, तिच्या आत कॉस २क्ष ची अरुंद वाटी, बुडाला टेकलेली. ह रेडियनमध्ये घेतला तर दोघांतलं अंतर जवळजवळ (३/२)ह² इतकं असतं. २ अंश म्हणजे ०.०३४९ रेडियन, त्याचा वर्ग गुणिले दीड = ०.००१८. लसावि यांच्या सारणीत तोच आकडा आलाय.

प्रोग्रॅमने शोधायचंच असेल तर चिन्हबदलाच्या जोडीने दुसरी एक अट घाला: वजाबाकीची निरपेक्ष किंमत आधी कमी होत आली आणि मग वाढू लागली, तर ती जागा संशयित. तिथे पायरी बारीक करा, ०.१ अंश, ०.०१ अंश. किंमत शून्याकडे जात राहिली तर स्पर्श. ०.०००५ सारख्या ठिकाणी अडकली तर नुसतं जवळून जाणं. पण खात्री शेवटी बीजगणितानेच होते, दशांशांनी नाही.

शेषफळ

एक्सेलवाल्यांसाठी नेहमीची सूचना: तिथलं साइन फंक्शन रेडियनच घेतं. अंश द्यायचे असतील तर आत रेडियन्स फंक्शन गुंडाळा, नाहीतर सगळी सारणी कचरा. लसावि यांचे आकडे बरोबर आहेत, म्हणजे त्यांनी ते केलेलं दिसतंय.

लसावि

केलंय. 🙂 वाट्यांचं चित्र डोक्यात बसलं.

दुसरं गणित. य = साइन २क्ष आणि य = कॉस क्ष. मी असं केलं:

२ साइन क्ष कॉस क्ष = कॉस क्ष
२ साइन क्ष = १
क्ष = ३०, १५०

उत्तर चार बिंदू दिलंय. आलेखावरही चार दिसतात.

कोटिज्या

दुसऱ्या ओळीत दोन बिंदू फेकून दिलेत. कॉस क्ष ने भागलंत, पण कॉस क्ष शून्य असू शकतो याचा विचार केला नाही. भागू नका, एका बाजूला आणा:

कॉस क्ष (२ साइन क्ष − १) = ०

कॉस क्ष = ० पासून ९० आणि २७०, साइन क्ष = १/२ पासून ३० आणि १५०. एकूण चार. ९० आणि २७० ला दोन्ही आलेख अक्षावरच भेटतात, य = ०. आणि या अक्षावरच्याच भेटी भागाकारात हरवतात, कारण दोन्ही बाजू तिथे शून्य होतात.

काटकोन

यातून काही जण ‘त्रिकोणमितीत कधीच भागायचं नाही’ असा नियम पाठ करतात, तोही चूक. य = ३ साइन क्ष आणि य = २ कॉस क्ष घ्या. इथे कॉस क्ष ने भागणं बिनधोक आहे, कारण कॉस शून्य असताना साइन ±१ असतो आणि ±३ = ० होत नाही. म्हणजे जे टाकून देतोय त्यात एकही उकल नाही, हे आधी तपासलं. मग

टॅन क्ष = २/३
क्ष = ३३.६९ आणि २१३.६९

य साठी ३३.६९ चा साइन काढत बसू नका. बाजू २ आणि ३, कर्ण √१३, साइन = २/√१३, म्हणून य = ६/√१३ ≈ १.६६४. दुसऱ्या बिंदूला −१.६६४. कोन दोन दशांशांवर कापून त्यातून य काढला की शेवटचा आकडा हलतो. अचूक रूपातून काढलं तर तो प्रश्नच येत नाही.

उलट य = साइन क्ष आणि य = टॅन क्ष मध्ये साइनने भागलंत तर कॉस क्ष = १ एवढंच उरतं, म्हणजे ० आणि ३६०. मधला १८० गेला. नीट सोडवलं तर साइन क्ष (कॉस क्ष − १) = ०, म्हणून ०, १८०, ३६०. यात एक गंमत: ० ला दोन्ही वक्रांचा उतार १, म्हणजे स्पर्श आहे, तरीही ते एकमेकांना ओलांडतात. टॅन वजा साइन हे ० जवळ साधारण क्ष³/२ सारखं वागतं आणि घनाचं चिन्ह बदलतं. म्हणजे ‘उतार सारखा, म्हणून ओलांडत नाही’ असंही धरून चालू नका.

लसावि

समजलं. आता तिसरं, आणि इथे उलटा प्रकार झालाय, उत्तर जास्त येतंय.

य = √३ कॉस क्ष आणि य = १ + साइन क्ष. दोन्ही बाजूंचा वर्ग केला:

३ कॉस² क्ष = १ + २स + स²
३ − ३स² = १ + २स + स²
४स² + २स − २ = ०
२स² + स − १ = ०

म्हणजे पहिल्या गणितातलंच समीकरण! त्यामुळे उत्तर परत ३०, १५०, २७० लिहिलं. १५० चूक दिलंय.

कोटिज्या

छान जोडी सापडली आहे ही. तेच वर्गसमीकरण, तीच मुळं, पण पहिल्या गणितात तीन बिंदू खरे आणि इथे दोनच.

१५० घालून बघा. डावीकडे √३ × (−√३/२) = −१.५. उजवीकडे १ + ०.५ = १.५. वर्ग सारखे, संख्या वेगळ्या. वर्ग केल्यावर चिन्हाची माहिती पुसली जाते, म्हणून य = −√३ कॉस क्ष या उलट्या आलेखाच्या भेटीही यादीत घुसतात. १५० ला १ + साइन क्ष खरंच कुणाला तरी भेटतोय, फक्त तो तुमचा आलेख नाही, अक्षाखालून पालटलेला आहे.

३० ला १.५ = १.५, ठीक. २७० ला ० = ०, ठीक. म्हणून बिंदू (३०, ३/२) आणि (२७०, ०).

काटकोन

वर्ग न करता करा, मग गाळणी लावावीच लागत नाही.

√३ कॉस क्ष − साइन क्ष = १

√(३ + १) = २ ने भागा: (√३/२) कॉस क्ष − (१/२) साइन क्ष = १/२. डावी बाजू म्हणजे कॉस ३० कॉस क्ष − साइन ३० साइन क्ष, म्हणजे कॉस(क्ष + ३०).

कॉस(क्ष + ३०) = १/२
क्ष + ३० = ६० किंवा ३००
क्ष = ३० किंवा २७०

तीन ओळी, फालतू मूळ नाही. अंतरालाकडे मात्र लक्ष: क्ष ० ते ३६० तर क्ष + ३० हा ३० ते ३९०. इथे काही फरक पडला नाही, पण कॉस(क्ष + ३०) = ०.९ असतं तर ३० च्या खालचा कोन (२५.८४) सुटतो आणि त्याच्या जागी ३८५.८४ घ्यावा लागतो. तो विसरणारे खूप.

याच रूपाने सोडवण्याआधी मोजणीही होते. अ कॉस क्ष + ब साइन क्ष ची कमाल किंमत √(अ² + ब²). य = ३ साइन क्ष आणि य = ५ − ४ कॉस क्ष यांचं समीकरण ४ कॉस क्ष + ३ साइन क्ष = ५, आणि कमाल बरोबर ५. म्हणजे एका आवर्तनात एकच भेट, तीही स्पर्शाची: क्ष = ३६.८७, य = १.८. पाचाच्या जागी ६ असता तर भेटच नाही. ४.९ असता तर दोन.

शेषफळ

२क्ष, ३क्ष वाल्यांची नेहमीची चूक इथेच टाकतो, कारण ती छेदनबिंदूंच्या संख्येतच दिसते.

य = साइन ३क्ष, य = साइन क्ष. सूत्रं वापरून घन समीकरण करायची गरज नाही. दोन कोनांचे साइन सारखे असतील तर एक तर कोनांत ३६० च्या पटीचा फरक, नाहीतर त्यांची बेरीज १८० अधिक ३६० ची पट.

३क्ष = क्ष + ३६०न, म्हणून क्ष = १८०न (न म्हणजे कोणताही पूर्णांक)
३क्ष = १८० − क्ष + ३६०न, म्हणून ४क्ष = १८० + ३६०न, क्ष = ४५ + ९०न

० ते ३६०, दोन्ही टोकं धरून: ०, ४५, १३५, १८०, २२५, ३१५, ३६०. सात. टोकाचा ३६० धरायचा की नाही हे प्रश्नातला कंस सांगतो. अर्धं उघडं अंतराल असेल तर सहा.

चूक अशी होते: ४क्ष = १८०, क्ष = ४५, आणि मग ‘साइन धन, म्हणून १८० − ४५ = १३५’. २२५ आणि ३१५ गेले. ३६०न आधी मिळवायचं, ४ ने नंतर भागायचं. भागल्यावर ३६० ची पट ९० ची होते आणि म्हणून चार बिंदू मिळतात. ‘ऑल सिल्व्हर टी कप्स’ (कोणत्या चरणात कोणतं गुणोत्तर धन हे लक्षात ठेवायची युक्ती) लावायचं ते संपूर्ण कोनाला, म्हणजे ३क्ष ला. नुसत्या क्ष ला नाही.

कॅल्क्युलेटरचं साइन-उलट बटण फक्त −९० ते ९० मधला कोन देतं, कॉस-उलट ० ते १८० मधला. बाकीचे तुम्ही काढायचे. साइन = −०.८०९ ला बटण −५४ देतं. खरे कोन १८० + ५४ = २३४ आणि ३६० − ५४ = ३०६. −५४ तसाच उत्तरात लिहिलेला दिसतो, तो अंतरालातच नाही.

लसावि

−०.८०९ मुद्दाम घेतलात ना? साइन २क्ष = कॉस ३क्ष मध्ये तोच येतो.

शेषफळ

हो. सोडवून टाका की इथे.

लसावि

कॉस ३क्ष = साइन(९० − ३क्ष) लिहिलं.

२क्ष = ९० − ३क्ष + ३६०न, म्हणून क्ष = १८ + ७२न: १८, ९०, १६२, २३४, ३०६
२क्ष = १८० − (९० − ३क्ष) + ३६०न, म्हणून −क्ष = ९० + ३६०न: २७०

सहा बिंदू. सूत्रांनी ताळा केला: २ साइन क्ष कॉस क्ष = ४ कॉस³ क्ष − ३ कॉस क्ष. कॉस क्ष बाहेर काढला (भागला नाही!) तर कॉस क्ष = ० पासून ९०, २७०. उरलेलं ४स² + २स − १ = ०, स = (−१ ± √५)/४, म्हणजे ०.३०९ आणि −०.८०९. त्यातून १८, १६२, २३४, ३०६. जुळलं. साइन १८ ची अचूक किंमतही (√५ − १)/४ अशी फुकटात मिळाली.

कोटिज्या

शाब्बास. ९० आणि २७० परत अक्षावरच, बघा.

वायरमन४१५

गणितवाल्यांच्या धाग्यात घुसतोय, पण हा छेदनबिंदू आमच्याकडे रोज लागतो. थ्री फेजमध्ये आर, वाय, बी या तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांवर. आर = साइन क्ष, वाय = साइन(क्ष − १२०), बी = साइन(क्ष + १२०), प्रत्येक गुणिले शिखर व्होल्टेज.

तीन डायोडचा हाफ वेव्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं सर्किट) घ्या, तिन्हींचे कॅथोड एकत्र. ज्या फेजचं व्होल्टेज त्या क्षणी सर्वांत जास्त, तिचाच डायोड चालतो. मग आरचा डायोड कधी सुरू होतो? आर शून्याच्या वर आल्यावर नाही, आर बीच्या वर गेल्यावर. म्हणजे

साइन क्ष = साइन(क्ष + १२०)
क्ष = १८० − (क्ष + १२०) + ३६०न
क्ष = ३० + १८०न

३० अंशाला आर बीला मागे टाकतो. आर आणि वाय याच पद्धतीने: २क्ष = ३०० + ३६०न, क्ष = १५०. म्हणून आरचा डायोड ३० ते १५० चालतो, नेमके १२० अंश. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंद, म्हणजे ३० अंश = १.६७ मिलिसेकंद आणि १५० अंश = ८.३३ मिलिसेकंद.

छेदनबिंदूचा य पण कामाचा. साइन ३० = ०.५. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्टचं शिखर २३०√२ = ३२५ व्होल्ट, त्याचं निम्मं १६२.६. डायोडवरची घट सोडली तर आउटपुट याच्या खाली उतरत नाही. सरासरी शिखराच्या ०.८२७ पट, साधारण २६९ व्होल्ट.

डायोडच्या जागी थायरिस्टर (आपण ठरवू त्या क्षणी चालू करता येणारा डायोड) लावला की फायरिंग कोन, म्हणजे तो चालू करायचा कोन, या ३० अंशाच्या बिंदूपासून मोजतात, शून्यापासून नाही. नवीन पोरं शून्यापासून मोजतात आणि मग ‘३० अंशाला फायर केलं, आउटपुट कमी का नाही झालं’ म्हणून स्कोपकडे बघत बसतात. शून्यापासूनचा ३० म्हणजे फायरिंग कोन ०. पूर्ण आउटपुटच येणार.

काटकोन

वा. इथे दुसरी शाखा (क्ष = क्ष + १२० + ३६०न) निकामी का, हेही नोंदवून ठेवतो: क्ष उडून जातो आणि ० = १२० + ३६०न उरतं, जे कोणत्याही पूर्णांक न ला शक्य नाही. क्ष चे सहगुणक दोन्ही बाजूंना सारखे असले की एक शाखा अशी मरते. घाबरून सूत्रात चूक शोधू नका.

त्रिज्या

थोडं अवांतर, पण स्पर्श आणि छेद दोन्ही एकाच चित्रात बघायचे असतील तर सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांचं सूत्र घ्या, ‘महाभास्करीया’तलं. आजच्या भाषेत:

साइन क्ष ≈ ४क्ष(१८० − क्ष) / (४०५०० − क्ष(१८० − क्ष))

क्ष अंशांत, ० ते १८०. हा आलेख आणि खरा साइन कुठे भेटतात? ३० घाला: १८००० / ३६००० = ०.५, अचूक. ९० घाला: ३२४०० / ३२४०० = १, अचूक. टोकांना ० आणि सममितीमुळे १५० ला परत ०.५. १५ ला सूत्र ०.२६०४ देतं, खरी किंमत ०.२५८८, म्हणजे सूत्र वर. ४५ ला सूत्र ०.७०५९, खरी ०.७०७१, म्हणजे सूत्र खाली. म्हणून ३० ला ओलांडणं. ९० च्या दोन्ही बाजूंना सूत्र खालीच, म्हणून तिथे नुसता स्पर्श. वरच्या वाट्यांसारखंच, फक्त पालथ्या. चूक कुठेही ०.००२ च्या वर जात नाही, तेही एका भागाकारात.

शेषफळ

अवांतर कसलं, धाग्यातला सगळ्यात सुरेख प्रतिसाद.

लसावि

एक शेवटचं. य = कॉस क्ष आणि य = क्ष. इथे कुठलंच सूत्र चालत नाहीये.

काटकोन

चालणार नाही. एकीकडे क्ष कॉसच्या आत, दुसरीकडे उघडा. अशा समीकरणाला नेहमीची अचूक उकल नसते, अंकांनीच जवळ जायचं. आणि इथे रेडियन सक्तीचे. अंशांत काम केलं तर क्ष = ४५ ला रेषा ४५ वर आणि कॉस ०.७ वर. चित्रच बदलतं.

सोपी रीत: कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा, १ टाका आणि कॉस दाबत राहा. ०.५४०३, ०.८५७६, ०.६५४३, ०.७९३५, ०.७०१४… एकदा खाली, एकदा वर, हळूहळू ०.७३९०८५ वर स्थिरावतं. प्रत्येक दाबाला चूक सुमारे ०.६७ पट होते, म्हणून सहा दशांश स्थिर व्हायला तीस-पस्तीस दाब लागतात. आकडा ०.९९९८ वर अडकला तर समजा, कॅल्क्युलेटर अंशांवर राहिलाय.

घाई असेल तर न्यूटनची रीत: नवा क्ष = क्ष − (क्ष − कॉस क्ष)/(१ + साइन क्ष). १ पासून: ०.७५०३६, ०.७३९११, ०.७३९०८५. तीन पायऱ्या.

कोटिज्या

अशा गणितात सोडवण्यापेक्षा मोजणी जास्त महत्त्वाची. य = साइन क्ष आणि य = क्ष/१० किती वेळा भेटतात? (रेडियन.)

लसावि

साइन १ च्या पुढे जात नाही, म्हणून क्ष फक्त −१० ते १०. धन बाजूला: ० ते पाय मध्ये एक. पाय ते २पाय मध्ये साइन ऋण, भेट नाही. ६.२८ ते ९.४२ मध्ये कमान, शिखर ७.८५४ ला, तिथे रेषा ०.७८५ वर, म्हणजे शिखराच्या खाली, म्हणून दोन. पुढे १० पर्यंत साइन ऋण. धन बाजूला तीन, ऋण बाजूला तीन, मधला ०. सात.

कोटिज्या

बरोबर. आता क्ष/१० च्या जागी क्ष/७.८.

लसावि

७.८५४ ला रेषा १.००७, म्हणजे शिखराच्या वरून जाते. दुसऱ्या कमानीला भेट नाही. तीन?

काटकोन

सात. 🙂 रेषा शिखरावर वर आहे हे खरं, पण ती तिरकी चढतेय. शिखराच्या थोडं डावीकडे रेषा अजून खाली असते आणि कमान मात्र जवळजवळ शिखराइतकीच उंच. ७.७२५ ला रेषा ०.९९०४ आणि साइन ०.९९१७. रेषा खाली! दोन भेटी ७.६७४ आणि ७.७७७ ला, दोन्ही शिखराच्या डावीकडे.

सीमा शोधायची तर रेषा य = क्ष/क धरा आणि स्पर्शाची अट लावा: किंमत सारखी आणि उतारही सारखा. साइन क्ष = क्ष/क आणि कॉस क्ष = १/क, म्हणून टॅन क्ष = क्ष. या कमानीतलं त्याचं मूळ ७.७२५३, आणि क = √(१ + क्ष²) = ७.७८९७. क याहून मोठा तर (दहापर्यंत तरी) सात भेटी, ७.७ घेतला तर तीन, आणि नेमका ७.७८९७… असेल तर पाच, त्यातल्या दोन स्पर्शाच्या.

लसावि

म्हणजे चार-चार अंशांच्या सारणीत त्याही दोन दिसणार नाहीत.

शेषफळ

स्पर्शाच्या? त्या कुठल्याच पायरीने चिन्ह बदलणार नाहीत. ७.८ वाल्या दोघांत ०.१०३ रेडियनचं अंतर आहे, म्हणजे ५.९ अंश. चार अंशांची पायरी त्या पकडेल, सहाची कदाचित दोन्ही गिळून टाकेल.